कडगावकरबुवा कोणाला आवडायचे

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

आज घरात पुन्हा गाणं लागलं. हे जाऊन नऊ महिने झाले. तेवढे दिवस टेपरेकॉर्डरवर मी टॉवेल टाकून ठेवला होता. आज काढला, धुवायला टाकला.

कल्पना रविराजची. हा यांचा विद्यार्थी, आता स्वतः इथे राहुरीला विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवतो, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवरच बसतो. म्हणाला, “मॅडम, सरांचा रविवार बंद पडू द्यायचा नाही. दर रविवारी दहाला जमू. एकेकाने आपला आवडता कलाकार आणायचा, ऐकवायचा आणि तो का आवडतो ते सांगायचं.” मी हो म्हणाले. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तपासायला वह्या नाहीत, भांडायला नवरा नाही, रविवार अंगावर येतो. ही डायरीही त्यानेच दिली, बियाण्याच्या कंपनीची. दर चार पानांनंतर कपाशीची जाहिरात आहे.

आले चौघं. रविराज. त्याच्याकडे पीएचडी करणारी पूजा. मच्छिंद्र, म्हणजे विद्यापीठाच्या जीपवरचा ड्रायव्हर, ज्याने यांना वीस-बावीस वर्षं जिल्हाभर मातीचे नमुने गोळा करत फिरवलं. आणि गहिनीनाथ. ते मुळा कालव्यावर पाटकरी होते, पाटाला पाणी सोडायचं काम. यांच्या वेळेपासून दर रविवारी सायकलवर येतात. खुर्ची दिली तरी दाराजवळ खालीच बसतात, डोळे मिटतात आणि पोहे आले की उघडतात. मी आपली त्यांच्या वाटचे पोहे जास्त टाकते.

पहिला मान अर्थातच विश्वंभरबुवा कडगावकरांचा. यांचे लाडके गायक. रविराज वीस मिनिटं बोलला, सरांमुळे माझे कान तयार झाले वगैरे. मग बुवा सुरू झाले. बुवा सुरू झाले तरी दहा मिनिटं काही सुरू होत नाही. मी नेहमीप्रमाणे चहाला उठले.

२१ सप्टेंबर, रविवार

पूजाची पाळी. मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला. परभणीकडची कोणी मुलगी आहे, गोठ्यापुढे उभी राहून गाते आणि व्हिडिओ टाकते. मागे म्हैस रवंथ करतेय. रविराजचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मी विचारलं, “काय आवडतं हिच्यात?”

“काकू, ती चुकली की थांबते, हसते आणि तिथूनच पुन्हा धरते. बाकीचे तेवढं कापून टाकतात. ही ठेवते.”

दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली पोरगी. मी सत्तावीस वर्षं मुलींना ‘माझा आवडता कलावंत’ हा निबंध घातला. तीस ओळींत लिहा, शुद्धलेखन सांभाळा. मला स्वतःला कोणी तो घातला असता तर पेपर कोरा गेला असता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रविराज येऊन गेला. नोव्हेंबरअखेर वर्षश्राद्ध आहे, त्याच रविवारी मोठा कार्यक्रम करायचा म्हणतो: ‘सरांचे कडगावकरबुवा’. बुवांच्या एकोणीस रेकॉर्डी आणि बेचाळीस कॅसेटी नगरच्या एका ग्रंथालयाला यांच्या नावाने द्यायच्या, कपाटावर पाटी लावायची. आणि बुवांमध्ये सरांना काय दिसलं, यावर मी बोलायचं. “तुमच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही मॅडम.”

संध्याकाळी पुण्याहून ओमचा फोन. “आई, बोल तू. बाबांचा जीव होता बुवांवर.” आईचं काय, हे काही माझ्या चिरंजीवांनी विचारलं नाही.

आता खरं लिहून टाकते, ही वही कोण वाचणार आहे. मला कडगावकरबुवा आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत.

लग्न एकोणनव्वदच्या मे महिन्यातलं. जेमतेम आठवडा झाला होता. यांनी विभागप्रमुखांकडून रेकॉर्ड प्लेअर मागून आणला, अंगणातून आत येताना उंबऱ्याला ठेचकाळले, तरी प्लेअर हातातून सोडला नाही. बुवांची रेकॉर्ड लावली. मी नवी नवरी, खाली मान घालून बसलेली. शेवगाव सोडून आठ दिवस झाले होते. का कोण जाणे, शेवटी शेवटी मला माहेर आठवलं आणि घळाघळा रडू आलं. यांनी घाबरून विचारलं, “कसं वाटलं?” आता काय सांगायचं? “फार छान,” म्हणाले. झालं. तेव्हापासून दर रविवारी दहाला बुवा. आणि मी एवढ्या रसिक माणसाची बायको म्हणून जगले. लोक मला रागांबद्दल विचारायचे, मी गूढ हसायचे.

५ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याच्या गडबडीत मागचा रविवार बुडाला. आज मच्छिंद्रची पाळी होती. हात हलवत आला.

“काही आणलं नाहीत?”

“बाई, माझी आवड या हॉलात चालायची न्हाई.”

“इथे म्हैससुद्धा चालली,” मी म्हटलं. पूजा खुदकन हसली.

“तरी नगं. साहेबांच्या फोटोम्होरं बरं दिसायचं न्हाई,” म्हणाला आणि फोटोकडे बघून उगाच हसला. मला तो फाजीलपणा वाटला. साहेबांचा एवढा माणूस, पण कानाला काही वळण लागलं नाही बिचाऱ्याच्या.

त्याची वेळ रविराजने बुवांनीच भरून काढली. गहिनीनाथांनी डोळे मिटले. आज पोह्यांऐवजी उपमा होता, तो थंड होईपर्यंत उठले नाहीत. वय झालं, झोप लागत असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

पूजाने विचारलं, “काकू, तुमची पाळी कधी?” मी म्हटलं, “सरांचे आणि माझे एकच.” सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. पुन्हा खोटं बोलले.

माझे अजिनाथ मास्तर.

शेवगावात आमच्या घरामागे ब्रास बँडचं दुकान होतं. पावसाळ्यात लग्नं नसत, तेव्हा दुपारी त्यांची तालीम चाले. अजिनाथ मास्तर क्लॅरनेट वाजवायचे. उंच, हडकुळे, गणवेशाची पँट घोट्याच्या वर. मी माळवदावर शेंगा फोडत ऐकायचे. ओळ संपत आली की मास्तर सूर बारीक करत न्यायचे, इतका बारीक की शेवटी सूर आहे की नुसता श्वास, ते कळायचं नाही. तालमीत ठीक आहे. पण वरातीतही तेच करायचे! एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला फटाके, पुढे नवरदेवाचे मित्र धूळ उडवत नाचतायत, आणि हा माणूस ओळीचा शेवट हळुवार करतोय. शेजारच्या ताशेवाल्यालासुद्धा ऐकू गेला नसेल. कोणासाठी करत होते? मला वाटायचं, माझ्यासाठीच. मला एकटीला ते कळलंय म्हणून.

माझ्या लग्नातही तेच होते. पाठवणीच्या वेळी बायका रडत होत्या, मी टक्क कोरडी, कारण मी ओळीचा शेवट ऐकत होते. आणि आठ दिवसांनी इथे बुवांची ती रेकॉर्ड संपताना सूर तसाच बारीक होत गेला, म्हणून तर बांध फुटला.

हे मी कोणाला सांगितलं असतं? एमएस्सीला सुवर्णपदक मिळालेल्या नवऱ्याला? की अहो, तुमचे बुवा ठेवा बाजूला, मला आमच्या गल्लीतला बँडवाला आवडतो? मास्तर जाऊनही आता बारा-तेरा वर्षं झाली. त्यांच्या मुलाने डीजे घेतला. एक टेपसुद्धा नाही कुठे त्यांची. माझ्यानंतर तो सूर ऐकलेलं कोणी उरणार नाही, याचं आज फार वाईट वाटलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

यांच्याशिवाय पहिला पाडवा. ओम आणि सून कालच पुण्याला गेले. शेजारणी ओवाळून झाल्यावर साड्या दाखवायला आल्या, मग माझ्याकडे बघून पुन्हा घड्या घालायला लागल्या. मीच म्हटलं, दाखवा गं.

आमच्याकडे पाडव्याची ओवाळणी म्हणजे बुवा. मी ओवाळायचे आणि हे तबकात बुवांची कॅसेट ठेवायचे. पस्तीस वर्षांत चुकले नाहीत. बुवा स्वतः सत्त्याण्णव साली वारले, पण यांच्या ओवाळणीत खंड नाही. कुठून कुठून कोणा कोणाच्या घरच्या मैफलींची रेकॉर्डिंगं पैदा करायचे. कॅसेटी संपल्या तेव्हा सीडी, मागच्या पाडव्याला तर पेनड्राइव्ह. हळदीकुंकवाशेजारी पेनड्राइव्ह!

एकदा मी धीर करून म्हटलं होतं, “दर वर्षी बुवाच कशाला?” तर माझ्याकडे जरा चमकून बघितलं. म्हणाले, “तुला दुसरं काही एवढं आवडेल का?” काय माणूस! स्वतःची हौस माझ्या तबकात घालायची आणि वर मलाच विचारायचं. मी मुकाट्याने कुंकू लावलं.

मग रविवारी लावायचे आणि अर्ध्या तासात खुर्चीत मान टाकायचे. मी म्हणायचे, समाधी लागली.

आज मात्र तबक रिकामं होतं. रिकामं तबक बघवेना, म्हणून त्यात दोन करंज्या ठेवल्या आणि खाऊन टाकल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

दुपारी मच्छिंद्र पेरू घेऊन आला. ओट्यावर बसून निवडत होतो. भाषणाला तीन आठवडे उरलेत आणि कागदावर ‘आदरणीय’च्या पुढे मी सरकलेले नाही. म्हणून त्याला विचारलं, “मच्छिंद्रभाऊ, जीपमध्ये साहेब बुवांबद्दल काय बोलायचे? दोन-चार आठवणी सांगा, भाषणात घालते.”

“बुवांबद्दल?” पेरू हातातच राहिला. “बाई, जीपमधी बुवा कधीच नव्हते.”

“म्हणजे?”

“आता साहेब गेले. रागवायच्या न्हाई ना? जीपमधी छबूबाई असायची.”

पस्तीस वर्षांचा संसार डोळ्यांपुढून गेला. “कोण छबूबाई?”

“तमाशातली वो. गवळण म्हनायची. टेप हुती माझ्याकडं, जत्रंत भरून घेतल्याली.” तो इतक्या निरागसपणे बोलत होता की मला माझीच लाज वाटली. “पाथर्डीकडनं माती घिऊन निघालो की पयलं काम, टेप लाव मच्छिंद्र. त्यात येक जागा हाय. ढोलकीवाला पुढं पळतो, तर छबूबाई गाता गाताच त्याला झापती, अन ताल न सोडता परत गान्यात शिरती. साहेब त्या जागंला इतकं हसायचे, की येकदा मांडीवरच्या मातीच्या पिशव्या खाली आल्या. समदे नमुने येक झाले. परत जावं लागलं पाथर्डीला.”

मला ते परत जाणं आठवलं. नमुने दूषित झाले, असं सांगितलं होतं मला.

“अन विद्यापीठाचं गेट दिसलं की सोता हात पुढं करून बंद करायचे.”

“का पण?”

“मी पन इचारलं हुतं. म्हनले, घरी नको. बाईंचा कान मोठा हाय. लग्नाच्या पयल्याच आठवड्यात बुवा लावले तर तिच्या डोळ्यांत पानी आलं. आपन ढोलकीवर डोलनारी मानसं, मच्छिंद्र. तिच्या शेजारी बसायचं तर आपल्याला शिकाया पायजे.”

मी म्हटलं, “मग शिकले का?”

“कुठलं वो! म्हनायचे, इतकी वर्सं बसतोय, पन डोळा लागतोच.” आणि मग माझा चेहरा बघून तो घाबरला. पाणी आणू का विचारू लागला. मी त्याला पेरू घेऊन जा म्हटलं, त्यानेच आणलेले.

यांच्या टेबलावर रागांची सहा पुस्तकं आहेत. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. मला वाटायचं, काय व्यासंग! आत्ता उघडून बघितली. एका ठिकाणी समासात यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: ‘रा.ला विचारू नये. हसेल.’ रा. म्हणजे मी.

१२ नोव्हेंबर

यांच्या फोटोशी आज बोललेले नाही.

हिशेब केला. अठराशेच्या वर रविवार. अठराशे रविवार दोन शहाणी माणसं एकमेकांच्या आवडीसाठी ताटकळत बसली. एकाने जरी म्हटलं असतं, अहो, बंद करा ना ते.

रागच आला आहे. एवढं काय मोठं मन दाखवायचं? मी काय गंधर्वलोकातून उतरले होते का? शेवगावची पोरगी मी, शेंगा फोडणारी. आणि खोटं आधी कोण बोललं, ते मला ठाऊक आहे. म्हणून राग जास्त आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

रविराजला तापाचं कारण सांगून आजची बैठक रद्द केली. मच्छिंद्रकडून टेप मागवून घेतली आणि एकटीने छबूबाई लावली, यांच्या फोटोपुढे.

मला नाही आवडली. साठीला आल्यावर नवऱ्याची खरी आवड कळली, तर तीही मला आवडू नये? आवाज खडा आहे, खरखर फार, मागे कोणी तरी सारखा शिट्ट्या मारतो. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा स्वयंपाकघरात भाजी परतत होते, आणि ती जागा आली. ढोलकीवाला पळाला, बाईने त्याला असं काही झापलं, की मी एकटी, हातात उलथनं, मोठ्याने हसले.

हसता हसता लक्षात आलं, की हे याच जागी हसायचे. मांडीवरच्या पिशव्या पडेस्तोवर. यांचं ते हसू मी कधी ऐकलेलंच नाही. घरात हे मिशीतल्या मिशीत हसायचे. खरं हसू वीस वर्षं मच्छिंद्रने ऐकलं. मला ड्रायव्हरचा मत्सर वाटला, आणि मग खूप रडले. भाजी करपली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ओम आलाय. रविराजने पाटीचा मजकूर पाठवला: ‘कडगावकरबुवांचे निस्सीम श्रोते’. माझं भाषण पुढे सरकेना, म्हणून तेही त्यानेच लिहून दिलंय. उद्या मी ते वाचलं, तर सगळं सुरळीत होईल. टाळ्या पडतील. खरं बोलले, तर विद्यापीठातल्या मोठ्या माणसांपुढे, या घरात, यांच्याच वर्षश्राद्धाला, यांना तमाशाचे शौकीन ठरवल्यासारखं होईल. यांनी गेटवर टेप बंद केली ती कोणाला कळू नये म्हणूनच ना? मग मी कोण उघड करणारी?

पण न बोलले तर जो माणूस मी उद्या सगळ्यांपुढे उभा करीन, तो कोणी भलताच. खरा जीपमध्येच राहील. अजून ठरत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं.

तीसेक माणसं होती. हॉलमध्ये मावेनात, काही ओट्यावर. मी कागद उघडला, ‘आदरणीय’ वाचलं आणि पुढचं अक्षरच दिसेना. चष्मा काढला. म्हटलं, “हे मला वाचता येणार नाही. मी तुम्हाला आधी एक टेप ऐकवते.” आणि छबूबाई लावली. रविराज खुर्चीच्या कडेवरून पडायच्या बेतात होता. मच्छिंद्रने कपाळाला हात लावला. ती जागा आली, आणि पूजा पहिल्यांदा हसली, मग ओट्यावरची माणसं हसली.

मग सगळं सांगितलं. प्लेअर, माझं रडणं, पाडव्याची तबकं, गेटवरची टेप. अजिनाथ मास्तरांचंही सांगितलं. त्यांचा ओळीचा शेवट मला तोंडाने काढून दाखवता येईना, पण प्रयत्न केला. लोक आधी हसत होते, मग हसायचे थांबले.

सगळ्यात आधी ओम बोलला. “आई, दहावीत मी रविवारचा क्लास का लावला होता, असं वाटतं तुला? गणितासाठी?” मग रविराज उठला, लालबुंद. मला वाटलं, चिडला. म्हणाला, “मॅडम, मीही... सरांना बरं वाटावं म्हणून. मला समजायचं नाही काही. पण सर एवढे मन लावून बसायचे.” हॉलमध्ये असा हशा झाला की शेजारचे डोकावले. जो तो कबुली द्यायला लागला. बुवांचा एकही माणूस त्या घरात निघेना.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. “म्हंजी आता बुवा बंद व्हनार?”

गहिनीनाथ. हसत नव्हते. टोपी हातात.

मी विचारलं, “तुम्हाला आवडतात?”

“मंग मी कशापायी येत हुतो इतकी वर्सं?” मला पोह्यांची आठवण होऊन मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, “गहिनीनाथभाऊ, आपला नियम आहे. काय आवडतं ते सांगायचं.”

त्यांना बोलायची सवय नाही. आधी टोपीच कुरवाळत बसले. मग म्हणाले, “मी पाटकरी मानूस. उन्हाळ्यात धरनातनं पानी सुटायचं, तवा पाट कोरडा ठाक असतो. आमी पाटाच्या कडंला बसून वाट बघायचो. पानी लगीच येत न्हाई. आधी गार वारं येतं. मंग पाचोळा सरकल्याचा आवाज. मंग ओल्या मातीचा वास. अन पानी त्याच्या मागनं, लई हळू, येक येक भेग भरत. घाई केली तर पाट फुटतो. बुवा तसं गात्यात. पयली धा मिन्टं ते नुसत्या भेगा भरत्यात. मान्सांना वाटतं, काईच व्हईना.”

रविराजने पाटीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

७ डिसेंबर, रविवार

लग्नाची मोठी तिथी, बाकीचे सगळे जेवणावळींना. एकटे गहिनीनाथ आले. मी त्यांना म्हटलं, “रेकॉर्डी, कॅसेटी, टेपरेकॉर्डरसकट सगळं तुम्ही घेऊन जा. खरा हक्क तुमचा.” नाही म्हणाले. “घरी सून टीव्ही लावती. बुवांना गप बसनारी जागा लागती. मी हितंच येत जाईन, तुमची अडचन नसंल तर.” अडचण कसली.

बुवा लावले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी मधे उठले नाही. डोळे मिटून बसले आणि पाटाच्या कडेला बसल्यासारखी वाट बघितली. खरं सांगते, आधी मला काही ऐकू आलं नाही. मग एक सूर सरकला. मग त्याच्याशेजारची जागा भरली. बुवा पुन्हा मागे गेले, राहिलेली एक भेग त्यांना दिसली होती, ती भरली, आणि मग पुढे आले. पाणी माझ्यापर्यंत कधी पोचलं ते कळलं नाही. डोळे उघडले तर गाल ओले होते, आणि या वेळी शेवगाव आठवलं नव्हतं.

कॅसेट संपल्यावर गहिनीनाथ सायकल घेऊन गेले.

बुवा मला आवडले. खरोखर आवडले. हे धावत जाऊन यांना सांगावं असं इतकं वाटलं, की यांच्या खुर्चीकडे वळून तोंडसुद्धा उघडलं मी. आणि मग दिसलं, की आज हे असते तर मनातल्या मनात म्हणाले असते, आता मेलो, आणि उठून कॅसेटची दुसरी बाजू लावली असती.